टाचदुखीसाठी इनसोल: निवडायचा कसा, वापरायचा कसा

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की आई भिंत धरून उभी राहायची. "टाचेत खिळा ठोकल्यावानी होते बाई," म्हणायची. दहा-बारा पावलं टाकली की दुखणं ओसरायचं. संध्याकाळी ओट्यापाशी तासभर उभी राहिली की पुन्हा सुरू.

मी नागपूरच्या बर्डीवरच्या एका दुकानातून तिला इनसोल, म्हणजे बुटात तळव्याखाली घालायचा सुटा तळ, आणून दिला. दुकानदाराने फक्त बुटाचा नंबर विचारला होता. घरी आल्यावर बुटातला जुना इनसोल तसाच ठेवून आम्ही त्यावर नवा बसवला. टाच वर उचलली गेली, बुटाची मागची कड घासत राहिली आणि तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आला. इनसोल कपाटात गेला आणि आईने सहा महिने दुखणं तसंच काढलं. तुमचे सहा महिने वाचावेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी दुखतंय कुठे ते बघा

टाचेच्या तळाशी, सकाळच्या पहिल्या पावलाला कळ येत असेल तर बहुतेकदा प्लांटर फॅशिया दुखावलेला असतो. टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला हा जाड पट्टा पायाची कमान ताणून धरतो. अशा वेळी कमानीला खालून आधार देणारा आणि टाचेखाली मऊ असलेला इनसोल लागतो. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की आपल्याकडे घरभर काळजी पसरते, पण तसं हाड कधीच टाच न दुखलेल्या माणसांतही सापडतं. त्या एक्स-रेवरून ऑपरेशनची भीती घेऊ नका.

टाचेच्या मागे, पोटरीतून खाली येणारा जाड दोर दुखत असेल तर ती अकिलीस कंडरा. तिच्यासाठी टाच थोडी वर उचलणारी पॅड देतात, त्यामुळे कंडरेवरचा ताण कमी होतो. दुखणं एकाच पायाला असलं तरी पॅड दोन्ही बुटांत घालायची, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर धरते.

घोट्याच्या आतल्या बाजूला दुखून सूज येत असेल तर मात्र नीट लक्ष द्या. तिथून जाणारी कंडरा पायाची कमान उचलून धरते. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच उचलून बघा. चांगल्या पायाची उचलते आणि दुखऱ्या पायाची उचलत नाही, असं झालं तर दुकानात न जाता डॉक्टरकडे जा. ही कंडरा ढिली पडली की पाय हळूहळू सपाट होत जातो आणि उशीर महागात पडतो.

पोटरीच्या खाली अचानक 'कट्' असा आवाज झाला, मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेव्हा इनसोलचा विचारही करू नका.

कोणाकडे जायचं, काय न्यायचं

नागपुरात हाडांचे डॉक्टर शोधायला वणवण करावी लागत नाही. धंतोली आणि रामदासपेठेत खाजगी दवाखाने दाटीने आहेत. सरकारीत दाखवायचं असेल तर मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे आणि मिहानला एम्स आहे. ओपीडी सकाळची असते, लवकर जा.

जाताना रोजची घासलेली चप्पल किंवा बूट बरोबर न्या, नवी जोडी नको. आईच्या चपलेची आतली कड पार झिजली होती. फिजिओथेरपिस्टने ती चप्पल टेबलावर ठेवली, मागून बोट लावलं आणि ती आतल्या बाजूला कलली. आईचा पाय कसा पडतो ते आम्हाला तेव्हा कळलं.

मधुमेह असेल तर स्वतःच्या मनाने इनसोल घेऊ नका. पायाची जाणीव कमी झालेली असली की इनसोलची कड रुतते आणि ते कळतही नाही, थेट जखमच दिसते. अशा पायांना मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराचा तळ असलेली पादत्राणं मिळतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या आणि रोज रात्री उजेडात तळवे बघा, बोटांच्या बेचक्यांसकट.

तयार की मापाचा?

साध्या टाचदुखीला तयार इनसोल बहुधा पुरतो. तो काही शे रुपयांत मिळतो, मापाच्या इनसोलला हजारांत मोजावे लागतात. पाय खूपच सपाट असेल, कमान फार उंच असेल, दोन पायांत फरक असेल किंवा तयार इनसोलने आराम पडलाच नाही, तर माप देऊन करून घ्या. प्लास्टरचा साचा, फोमच्या पेटीतला ठसा किंवा स्कॅन, यांपैकी काहीतरी करून माप घेतात. पैसे देण्याआधी एक विचारा: वापरून बघितल्यावर कुठे टोचलं तर घासून, बदलून द्याल का? "नाही" म्हणाले तर दुसरीकडे जा.

तयार इनसोल घेताना उभं राहून बघा. टाच खोलगट भागात नीट बसली पाहिजे आणि उंचवटा पायाच्या कमानीखाली आला पाहिजे. चवड्याखाली आला तर तो तुमच्या मापाचा नाही. अंगठ्याने दाबल्यावर पूर्ण चपटा होणाऱ्या इनसोलचा कमानीला काही आधार होत नाही.

बुटात बसवणं

इथेच आमचं चुकलं होतं. बुटातला मूळ इनसोल आधी बाहेर काढा. तो नव्यावर ठेवा, पेनने कड आखा आणि जास्तीचा भाग फक्त बोटांच्या बाजूने कापा. टाचेच्या किंवा कमानीच्या बाजूला कात्री लावू नका.

बूट लेसचा किंवा वेल्क्रोचा हवा, मागची बाजू कडक हवी. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. इनसोल घालून बघा आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा.

पहिल्या दिवशी एक तासच घाला. मग रोज तासाभराने वाढवत न्या, दोन-तीन आठवड्यांत पाय रुळतो. सुरुवातीला तळव्याला, पोटरीला थोडं अवघडल्यासारखं होईल. फोड आला, मुंग्या आल्या किंवा दुखणं वाढलं तर काढा आणि दाखवा. अंबाझरी तलावाची लांब फेरी पहिल्या आठवड्यात नको. पोटरी ताणायचे व्यायाम मात्र रोज करा, नुसत्या इनसोलवर भिस्त ठेवू नका.

घरातले तास

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण ही. आपण बूट दारात काढतो. आई बाहेर असते दोन तास आणि बाकीचा दिवस टाइल्सवर अनवाणी. बुटातला इनसोल त्या वेळी दाराशीच पडलेला असतो. म्हणून कमानीला आधार असलेली एक जोडी फक्त घरात वापरायची ठेवा. स्वयंपाकघरात चप्पल नको म्हणून आईने आधी नकार दिला. मग नवी जोडी आणली, ती कधीच उंबऱ्याबाहेर गेली नाही, आणि ओट्यापाशी उभी राहताना ती पायात राहू लागली.

समारंभाचाही प्रश्न होताच. "बूट घालून का मी हळदीकुंकवाला जाऊ?" मागे पट्टा असलेली आणि आतला तळ काढता येणारी सँडल मिळते, त्यात इनसोल बसतो. साडीखाली ती कोणाला दिसतही नाही.

जपणूक

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद गाडीत किंवा गच्चीवर इनसोल ठेवू नका, फोम बसतो आणि गोंद सुटतो. धुवायचा तर ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. पावसाळ्यात रोज रात्री बुटातून काढून ठेवा.

रोजच्या वापरात तयार इनसोल साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. वरून चांगला दिसला तरी आधार आधीच गेलेला असू शकतो, म्हणून आणल्याच दिवशी त्याच्या खालच्या बाजूला पेनने तारीख लिहून ठेवा.