कोविडच्या जिल्हाबंदीत बाळंतपण: घरच्यांची मदत कशी मिळवायची

आमची मुलगी 2020च्या जुलैत पुण्यात झाली. 13 ते 23 जुलै शहर कडकडीत बंद होतं आणि जिल्हा ओलांडायला पोलिसांचा ऑनलाइन परवाना, म्हणजे ई-पास, लागायचा. सप्टेंबरात तो गेला, 2021 मध्ये 23 एप्रिलपासून पुन्हा आला. तेव्हा मित्रांचे फोन येऊ लागले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: सासूबाईंना आणायचं कसं? मे 2021 मध्ये त्यांना जे सांगितलं तेच सविस्तर लिहितोय; पास, दंड, विलगीकरण आणि लसीचे नियम त्या वेळचे आहेत.

पासाच्याही आधी एक गोष्ट ठरवा. घरात एकच माणूस येणार, आणि ते राहायला येणार. चार जणींनी आळीपाळीने चार-चार दिवस येण्यात चार घरांचा संसर्ग आत येतो, आणि प्रत्येक वेळी डबे कुठे आहेत इथपासून सांगावं लागतं. एकच बाई सव्वा महिना राहिली तर घर तिच्या हातात बसतं. ती कोण, हे मानपानावरून ठरवू नका. रात्री कोणाला उठवेल, कोणाला शुगर-बीपी आहे, लस कोणाची झाली आहे, एवढंच बघा. माझ्या आईला मधुमेह आहे. तिला यायची फार इच्छा होती. मी तिला स्पष्ट सांगितलं की तू आलीस तर मला बाळापेक्षा तुझी काळजी जास्त लागेल. वाईट वाटलं तिला. पण लांब राहूनही करण्यासारखं खरं काम तिला दिलं, त्याबद्दल पुढे.

माझ्या सासूबाई सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या. म्हणजे दोन जिल्ह्यांच्या हद्दी. ई-पासचा अर्ज पोलिसांच्या संकेतस्थळावर करायचा. त्यात गाडीचा नंबर, किती जण, कुठून कुठे आणि कारण भरावं लागायचं. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘कौटुंबिक’ लिहू नका. ‘मुलीची प्रसूती, घरी दुसरी बाई नाही’ असं लिहा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. त्या पत्रात प्रसूतीची अंदाजे तारीख आणि सोबत कोणीतरी लागेल हे वाक्य हवं, ते मागून घ्या. फोटो आणि कागद कमी केबीचे करून ठेवा, नाहीतर अर्ज चढतच नसे. टोकन नंबर वहीत लिहा. पास त्यावरूनच डाउनलोड व्हायचा. येण्याचा आणि परतीचा विचार एकदमच करा, कारण गाडी सोडून परत जाणाऱ्यालाही नाक्यावर पास दाखवावा लागायचा. ऑनलाइन जमत नसेल तर गावच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारावं. पासाशिवाय निघायचं धाडस करू नका. 2021 मध्ये दंड 10 हजार रुपये होता, आणि पुणे-सातारा हद्दीवरच्या नीरेच्या पुलावरून रात्री परत पाठवलं तर दंडापेक्षा मोठी पंचाईत.

एसटीने किंवा रेल्वेने आलात तर हातावर 14 दिवसांच्या गृहविलगीकरणाचा शिक्का बसायचा. म्हणजे आजी घरात, पण बाळापासून लांब. म्हणून शक्य असेल तर घरची गाडी करा, आणि विलगीकरण निघायच्या आधी गावातच उरकून घ्या. प्रसूतीच्या तारखेच्या तीन आठवडे आधीपासून आजींनी दुकान, देऊळ, शेजारची ओटी सगळं बंद करायचं. किराणा दाराशी. त्यानंतर गाडीत बसायचं ते थेट तुमच्या दारात उतरायचं. दशम्या आणि पाणी बरोबर, काचा खाली, सगळ्यांना मास्क. चालवणारा शक्यतो त्याच घरातला असावा. निव्वळ निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका. तो कालच्या दिवसाचा असतो.

लसीचंही बघा. आजींचा पहिला डोस झाला असेल तर कोविशिल्डचा दुसरा मे 2021 मध्ये 12 ते 16 आठवड्यांनी होता. तो तुमच्या शहरात घेता यायचा, पण नोंदणी ज्या मोबाइलवर झाली त्यावरच ओटीपी यायचा. तो नंबर गावातल्या भाच्याचा असला तर त्याला आधीच सांगून ठेवा. स्तनपान करणाऱ्या आईलाही 19 मे 2021 ला लसीची परवानगी मिळाली. ती लस घेईल त्या दिवशी आजी घरात असतील अशी तारीख बघा, कारण दुसऱ्या दिवशी ताप-अंगदुखी येऊ शकते.

दवाखान्यात तेव्हा बहुतेक ठिकाणी एकालाच सोबत राहू द्यायचे. नवऱ्याने राहावं. आजींना दवाखान्यात नेऊच नका.

आता लांबच्या माणसांबद्दल, आणि मला खरं तर यावरच जास्त बोलायचं आहे. ‘काही लागलं तर सांगा हं’ असं सगळे म्हणतात, मनापासून म्हणतात, पण पहाटे चारला ओल्या लंगोटात काय लागतंय हे कोणाला सांगणार? मदत नेमकी मागा. नाव, काम आणि वेळ धरून. माझ्या आईकडे आम्ही मुलीच्या अंघोळीचं काम दिलं. बाळंतपणाच्या दोन महिने आधीपासून ती रोज संध्याकाळी व्हिडिओवर शिकवायची: पाटावर बसून पाय लांब कसे करायचे, मान कोणत्या हातात, पाणी कोपराने कसं बघायचं. मी चादरीची गुंडाळी घेऊन सराव केला. मुलगी आल्यावर फोन खिडकीत टेकवून ठेवायचो आणि आई तिकडून सांगत राहायची. पुरुषाला हे जमतं, आणि फार छान जमतं.

बहिणीला डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा पाठवायला सांगा. एसटीची मालवाहतूक आणि स्पीड पोस्ट दोन्ही तेव्हा चालू होती. पण लवकर, आठव्या महिन्यातच. मेव्हण्याकडे आठवड्याचा किराणा ऑनलाइन मागवायचं काम द्या. आमची एक मावसबहीण न्यू जर्सीत असते. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवशीच्या दुपारचे साडेचार. रात्रीच्या पाजण्याला तिने बायकोला सोबत दिली, नुसतं इकडचं-तिकडचं बोलून. त्या वेळी जागी असलेली, न वैतागणारी माणसं फार थोडी असतात. तुमच्या नात्यात कोणी परदेशी असेल तर हे काम त्यांचंच.

मात्र फोन वाढले की सल्लेही वाढतात. घुटी द्या, मध चाटवा, नाकात तेल सोडा, धुरी द्या. यावर नवऱ्याने वाद घालत बसू नये आणि बाळंतिणीवर तर तो अजिबात सोडू नये. बालरोगतज्ज्ञांच्या फोनवर आजीला सामील करून घ्या आणि तिचा प्रश्न तिलाच विचारू द्या. सहा महिने फक्त आईचं दूध, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं. कोविडबद्दलचाही एक प्रश्न तेव्हाच विचारून ठेवा. आई पॉझिटिव्ह आली तरी मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजता येतं, हे घरात सगळ्यांना आधीच माहीत हवं.

सरकारी व्यवस्थेचीही मदत घ्या. दवाखान्यात प्रसूती झाली असली तरी आशाताईंच्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. त्यांना फोन करून बोलवा, दारात मास्क-सॅनिटायझर ठेवा. दीड महिन्याची लस लांबवू नका.

बायको रडत असेल तर ‘सगळं चांगलं तर झालंय’ असं म्हणू नका. पहिले काही दिवस असं होतं. दोन आठवड्यांनंतरही झोप, भूक, बाळाबद्दलची ओढ परत आली नाही तर डॉक्टरांना सांगायचं काम तुमचं.

शेवटचं आजींबद्दल. आपला संसार सोडून त्या आल्या आहेत. त्यांच्या बीपीच्या, थायरॉइडच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणायला सांगा आणि चिठ्ठीचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. दुपारी दोन तास त्यांचे. त्या वेळात मूल तुमच्याकडे, ऑफिसचा कॉल असला तरी. सासरेबुवा गावी एकटे असतील तर त्यांच्या डब्याची सोय त्या निघायच्या आधी लावून द्या, नाहीतर आजींचं मन इथे लागत नाही.