नुसती मिशी लावून भागत नाही: वेषांतर करताना या चुका टाळा

मी आठ-नऊ वर्षं रोल-प्लेइंग खेळांत (प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो, निकाल डाईसवर लागतो) टेबलाच्या मास्टरच्या, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याच्या, बाजूला बसतोय आणि प्रत्येक मोहिमेत एक क्षण ठरलेला असतो. किल्ल्याचं दार बंद, वर पहारा, आणि समोरून कुणीतरी डोळे चमकवत म्हणतं, "मी वेष बदलून आत जातो!" तोंडातून वाक्य पुरतं बाहेर यायच्या आत डाईस टेबलावर गडगडलेला असतो. कसला वेष, कुणाचा, आत गेल्यावर काय सांगणार, याचा पत्ता नसतो. प्रत्येकाच्या डोक्यात बहिर्जी नाईक. लहानपणापासून ऐकलेल्या त्या गोष्टींत ते कधी फकीर होतात, कधी वासुदेव. एकेका सोंगाची तयारी किती दिवस चालली असेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

पुढचं बरंचसं डी अँड डी, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीला धरून आहे, कारण आमच्याकडे तीच जास्त चालते.

आधी एक किरकोळ गोष्ट निकालात काढतो. नवीन खेळाडू कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, 'डिसगाइज' (वेषांतर) शोधत बसतात. ते तिथं नाही. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ते कॅरिझ्मा, म्हणजे पात्राची छाप पाडायची ताकद, याखालचं स्वतंत्र स्किल होतं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत त्याची झाली पेटी: डिसगाइज किट, किंमत 25 सोन्याची नाणी, वजन 3 पौंड, आत रंग, केसांचा कलप आणि बारीकसारीक सामान. ही पेटी वापरायची प्रोफिशिअन्सी, म्हणजे सराव, असेल तरच तुमचा त्या सरावाचा बोनस धरला जातो. शार्लटन (भोंदू) हे बॅकग्राउंड, म्हणजे पात्राची पूर्वपीठिका, घेतलं तर ती मिळते, असॅसिन (मारेकरी) झालात तर तिसऱ्या लेव्हलला मिळते. डिसेप्शन, म्हणजे थापा मारायचं स्किल, हे वेगळं प्रकरण. पेटीनं चेहरा तयार होतो, डिसेप्शननं तोंड चालतं. दोन्हींचा एकच रोल मागणारे मास्टरही मी पाहिलेत. मास्टरांच्या चुकांबद्दल नंतर बोलू.

वीस पडले, आणि मग कांदे आले

माझी सगळ्यात लाडकी चूक ही. लाडकी म्हणजे डोक्यात जाणारी.

आमच्या टेबलावर एक इंजिनिअर आहे. हुशार गडी, नियम तोंडपाठ, धीर मात्र अजिबात नाही. त्याचा रोग (इंग्रजीतला rogue, म्हणजे चोरटं पात्र) सरदाराच्या वाड्यात मेजवानीच्या रात्री शिरणार होता, स्वयंपाकघरातला पोऱ्या बनून. त्यानं रोल केला, म्हणजे वीस बाजूंचा डाईस टाकला, वीस पडले. बोनस धरून सत्तावीस. टेबलावर आरडाओरडा, टाळ्या, कुणीतरी चहा सांडला. तो खुर्चीत असा मागे रेलला, जणू मोहीम संपलीच.

पहारेकऱ्यानं त्याला सोडलं. सत्तावीसचा मान ठेवायलाच हवा. तो आत गेला. आत मुदपाकखान्याची मुख्य बाई होती, घामाघूम, तीनशे पाहुण्यांचं रांधत असलेली. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "तू कुणाच्या हाताखाली?"

तो गप्प. मग म्हणाला, "मी... सगळ्यांच्या."

बाईनं वीस कांद्यांची टोपली त्याच्यापुढं आदळली. चिर म्हणाली. आणि या पठ्ठ्यानं कमरेचा खंजीर काढला. तोच खंजीर, जो त्यानं दोन महिन्यांपूर्वी एका एल्फ सरदाराच्या थडग्यातून उचलला होता. मुठीत माणिक. ज्या पोराकडे तांब्याची दोन नाणी नसायला हवीत, त्याच्या हातात माणकाचा खंजीर, आणि त्याच खंजिरानं तो कांदा सोलतोय.

"पण माझे सत्तावीस आलेत!" हे तो पुढची दहा मिनिटं म्हणत होता. आलेत ना बाबा. चेहरा अगदी पोऱ्याचाच दिसतोय, कुणी नाही म्हणत नाही. पण चेहऱ्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. आणि एक आठवण: पाचव्या आवृत्तीत वीस पडल्यावर आपोआप जिंकणं हे हल्ल्याच्या रोलसाठी आहे. ॲबिलिटी चेकला, म्हणजे अशा कौशल्याच्या रोलला, वीस म्हणजे फक्त वीस, त्यात बोनस मिळवायचा आणि पुढं चालायचं.

आपल्याकडे दारावर बहुरूपी यायचा पोलिसाच्या वेषात. तो खोटा आहे हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं आणि त्यातच गंमत होती. तुमच्या रोगचं दुखणं नेमकं उलटं आहे. त्याच्याकडे कुणी बघायलाच नको. त्यामुळे तिथं काम काय, हे रंगापेक्षा आधी ठरवावं लागतं.

तेव्हापासून मी चिठ्ठी मागतो. वेषांतर करायचंय? आधी कागदावर लिही: कोण आहेस, कुणी पाठवलं, हातात काय आहे. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. रिकाम्या हातानं फिरणाऱ्याला सगळे हटकतात, डोक्यावर पाण्याची घागर असलेल्याला लोक वाट करून देतात. चिठ्ठी नसेल तर डाईसला हात लावायचा नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, माझ्या घरचा आहे. कुरकुर होते. होऊ दे.

मास्टर मंडळींनो, तुम्हीही

आता वर सोडलेला धागा. खेळाडूनं चिठ्ठी लिहिली, सोंग चांगलं आणलं, आणि मास्टर फाटकावर रोल मागतो. अंगणात पुन्हा. जिन्यावर पुन्हा. दालनाच्या दारात पुन्हा. प्रत्येक वेळी यशाची शक्यता 75 टक्के आहे असं धरा, बरीच चांगली आहे. चार दारांनंतर ती 32 टक्क्यांवर येते. म्हणजे चांगला वेष केलेला माणूस तीनातल्या दोन वेळा पकडला जाणार, आणि मास्टर वर म्हणणार, "अरे, तुझं नशीबच खराब."

मी एकदाच रोल करून घेतो, आणि तोही वेष चढवताना नाही. कुणीतरी पहिल्यांदा संशयानं बघतं तेव्हा. तोवर खेळाडूला कळत नाही मिशी सरळ बसलीय की वाकडी, आणि त्या न कळण्यातच सगळा रंग आहे. ही अक्कल माझी नाही. तिसऱ्या आवृत्तीत हा रोल मास्टरनं लपवूनच करायचा असं लिहिलेलं होतं, पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतही तो गुप्तच आहे. पाचव्या आवृत्तीतल्या मंडळींनी ही सवय का सोडली देव जाणे. आकडा समोर दिसला की दोन पडलेला खेळाडू लगेच म्हणतो, "राहू दे, आपण छपरावरून जाऊ." दोन पडलेत हे त्याच्या रोगला कसं कळलं?

हवेचं पोट

जादू येत असेल तर पेटी कशाला, हा दुसरा रोग. शब्द मुद्दाम वापरलाय.

डिसगाइज सेल्फ हा पहिल्या लेव्हलचा मंत्र तासभर टिकतो, तो टिकवायला एकाग्रता लागत नाही. 'मास्क ऑफ मेनी फेसेस' ही शक्ती घेतलेला वॉर्लॉक (करार करून जादू मिळवलेलं पात्र) तर तो हवा तेव्हा फुकटात करतो. त्यामुळे दर दहा मिनिटांनी नवा चेहरा. पण मंत्राचं वर्णन शेवटपर्यंत वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. उंची फार तर एक फूट कमी-जास्त होते, म्हणजे साडेसहा फुटी हाफ-ऑर्कचा बुटका नोम होत नाही. हातपाय जितके आणि जिथे आहेत तितके आणि तिथेच राहतात. आणि मुख्य म्हणजे ते सगळं फक्त दिसण्यापुरतं असतं. टोपी दिसेल, हात लावला तर हात आरपार.

आमच्या एका वॉर्लॉकबाईंनी देवळाच्या महंताचं रूप घेतलं. खरा महंत भला थोरला, बाई शिडशिडीत. दर्शनाच्या रांगेतून अगदी ऐटीत चालल्या होत्या. मी म्हटलं, एक म्हातारी पुढे येते आणि तुमच्या झग्याचा घेर कपाळाला लावायला धरते. त्या म्हणाल्या, "मी आशीर्वाद देते." मी म्हटलं, द्या, पण तिच्या मुठीत काही आलेलं नाही. ती पुन्हा धरते. पुन्हा हवा. पुढच्या माणसानं घातलेला हार महंतांच्या पोटातून आत गेला आणि दिसेनासा झाला. टेबलावर आधी शांतता, मग हसू आवरेना. पळता पळता त्यांनी दुसरा चेहरा घेतला, भर रांगेत, हातवारे करून, मोठ्यानं मंत्र म्हणत. या मंत्राला आवाज लागतो आणि हातही लागतात, हेही वाचलेलं नव्हतं.

माझ्याकडे अशा लोकांसाठी पाऊस असतो. भ्रमाच्या टोपीवर थेंब थांबत नाहीत. मास्टरला याहून स्वस्त हेर मिळणार नाही.

शरीर खरंच बदलायचं असेल तर दुसऱ्या लेव्हलचा ऑल्टर सेल्फ आहे. त्याला एकाग्रता लागते, म्हणून तो कुणी घेत नाही. सोपं ते हवं, आणि फसलं की मास्टर वाईट.

बाकीचं थोडक्यात

ओळखीच्या माणसाचं सोंग सगळ्यात अवघड. तिसऱ्या आवृत्तीत सोंग ओळखायच्या रोलसाठी आकडेच दिले होते: नुसतं पाहून ओळखणाऱ्याला 4 चा बोनस, मित्राला 6, जिवलगाला 8, घरच्या माणसाला 10. मी अजून तेच वापरतो. सरदार बनून सरदाराच्या बायकोसमोर जाऊ नका. सरदाराचा नवा कारकून व्हा.

भाषा येत नसेल तर ऑर्क बनू नका. मालवणच्या बाजारात लुंगी नेसून "कुठे निघालात?" विचारलंत की "खंय चललास?" म्हणणाऱ्यानं काय ओळखायचं ते ओळखलं.

आवाज विसरू नका. ॲक्टर फीट (पात्राची खास कला) असेल तर एक मिनिट ऐकून दुसऱ्याचा आवाज काढता येतो. नसेल तर कमी बोला.

वेळ धरा. पाचव्या आवृत्तीच्या 'झॅनाथर्स गाइड' या पुरवणी पुस्तकात (2017) साधा बदल 10 मिनिटं, मोठा बदल 30 मिनिटं असा हिशेब आहे. लाँग रेस्टमध्ये, म्हणजे लांब विश्रांतीत, आधीच सोंग तयार ठेवलं तर ते एका मिनिटात चढतं. पहारेकरी जिन्यावर येत असताना "मी दाढी लावतो" म्हणणाऱ्याला मी फक्त घड्याळ दाखवतो.

एकानं वेष बदलायचा आणि मागे चिलखत खणखणवत पॅलाडिन, खांद्यावर घुबड घेतलेला जादूगार? सगळे बदला, नाहीतर बाकीच्यांनी बाहेर थांबा.

कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा खेळ खेळायला बसलात तर डी अँड डीची मस्ती घरी ठेवून या. तिथं डिसगाइजचं मूळ स्किल 5 टक्के आहे. पॉइंट घातले नसतील तर विसातून एकदा जमेल. फसल्यावर रोल पुश करता येतो, म्हणजे पुन्हा टाकता येतो, पण मग पुन्हा फसलं तर काय होणार हे कीपर, म्हणजे तिथला मास्टर, ठरवतो, आणि कीपर लोक दयाळू नसतात.

पैसेवाला व्यापारी बनणार असाल तर खिशात तेवढे पैसे ठेवा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. सरायवाल्यानं खोली, घोडे आणि दारू यांचे आगाऊ पैसे मागितले की अर्ध्या व्यापाऱ्यांचे भिकारी झालेले मी पाहिलेत.

आणि कुत्री. तुम्ही चेहरा बदललात, वास नाही. मॅस्टिफ कुत्र्याला वास आणि आवाज टिपताना ॲडव्हान्टेज असतो (दोन डाईस टाकून मोठा आकडा धरायचा), तो तुमच्या मिशीकडे बघणारसुद्धा नाही. मी प्रत्येक वाड्यात एक कुत्रं ठेवतो. हे माझ्या खेळाडूंना पक्कं ठाऊक आहे, तरी दर वेळी विसरतात.

इंजिनिअर विसरला नाही. परवाच्या मोहिमेत त्यानं न मागता चिठ्ठी पुढं केली. कोण: कोळसा वाहणारा, मुका. कुणी पाठवलं: लोहारानं, पोत्यावर त्याची खूण आहे. हातात काय: पोतं. फाटकावर नाव विचारलं तर त्यानं तोंडाकडे बोट दाखवलं आणि पुढचा अर्धा तास टेबलावर एक शब्द बोलला नाही, चहासुद्धा खुणेनं मागितला. मी कुत्रं सोडलं. त्यानं शांतपणे चिठ्ठी उलटी केली. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "कोळशाखाली सुके बोंबील."