दहा वेबसाइट म्हणजे दहा पुरावे नव्हेत

सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवर प्रकल्प लिहिताय आणि एकच आकडा दहा वेबसाइटवर सापडला, तर हुरळून जाऊ नका. तो आकडा असलेल्या वाक्यातले सात-आठ शब्द सलग उचला, दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधा. शब्दन् शब्द तोच निघाला तर मूळ स्रोत बहुधा एकच, बाकी सगळी नक्कल. मग सर्वांत जुनं पान गाठा आणि त्यानं माहिती कुठून घेतली ते बघा. संदर्भच नसेल तर तो आकडा सोडून द्या, कितीही सोयीचा वाटला तरी.

१८८४ चं सोलापूर गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, ऑनलाइन वाचताना स्कॅन केलेलं पानच उघडा. यंत्रानं ओळखलेल्या मजकुरात ३ चा ८ सहज होतो आणि लोकसंख्येचा तक्ता पार बिघडतो.

शोधनिबंधाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, डीओआय डॉट ऑर्गवर टाका. शीर्षक, लेखक, वर्ष तिन्ही जुळायलाच हवं. आयएसएसएनवर मात्र विसंबू नका. तो आठ स्थानांचा क्रमांक नियतकालिकाची ओळख सांगतो, दर्जा नाही. पैसे घेऊन चार दिवसांत छापून देणारेही तो मुखपृष्ठावर ठळक मिरवतात, आणि आपली पोरं नेमकी तिथंच फसतात.