सांगलीच्या काळ्या मातीत गुलाबाच्या जाती जमवायच्या असतील तर

पावसाळा उतरणीला लागला की ओळखीपाळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, गुलाब लावायचेत, चांगल्या दहाबारा जाती सांगा. मी आधी एवढंच विचारते की तुमच्याकडे ऊन कुठून येतंय आणि किती तास टिकतंय. गुलाबाला रोज ५-६ तास ऊन पाहिजे म्हणजे पाहिजेच, त्यातही सकाळचं असेल तर सोन्याहून पिवळं, आणि ते नसेल तर कितीही नावाजलेली जात आणा, नुसती उंच काडी वाढते आणि टोकाला एक कळी, तीही मान टाकलेली. फोटो बघून जाती ठरवू नका, आपली जागा बघून ठरवा. आमच्याकडे अंगणात आणि गच्चीवर मिळून आज ३४ जाती आहेत, त्या जमायला १४ वर्षं लागली, आणि सुरुवातीला जेवढी झाडं मेली ती जवळपास सगळी चुकीच्या जागी लावल्यामुळे मेली.

जाती म्हणजे नुसते रंग नव्हेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. हायब्रीड टी म्हणजे लांब दांड्यावर एक मोठं टपोरं फूल, फ्लोरिबंडा म्हणजे फुलं थोडी लहान पण झुपक्यानं आणि सतत, मिनिएचर म्हणजे ज्याला आपण बटन गुलाब म्हणतो ते, आणि चौथे वेली गुलाब. या चौघांची छाटणी वेगळी, कुंडी वेगळी, खाणंपिणं वेगळं. पाचवा आपला गावठी गुलाबी गुलाब, आजीच्या परसात असायचा तो, दिसायला विस्कटलेला पण वासाला त्याच्या तोडीचं दुसरं नाही. गुलकंदासाठी तोच ठेवा आणि त्याच्यावर कसलाही फवारा मारू नका, पाकळ्या पोटात जाणार आहेत.

पहिल्या वर्षी पाच जाती पुरे. ग्लॅडिएटर घ्याच, आपल्याकडे शेतकरी उघड्या रानात फुलांसाठी लावतात तोच गडद गुलाबीसर लाल, चिवट झाड आहे, थोडं दुर्लक्ष झालं तरी राग धरत नाही. दुसरा आइसबर्ग, १९५८ सालचा जर्मनीच्या कोर्डेस यांचा पांढरा फ्लोरिबंडा, काटे कमी, आणि आपल्या एप्रिलच्या उन्हातही थोडीफार फुलं देत राहतो. तिसरा क्वीन एलिझाबेथ, गुलाबी, पण हा पुरुषभर उंच जातो म्हणून मागच्या रांगेत भिंतीकडेला लावा, पुढे लावलात तर मागच्यांचं ऊन खातो. चौथा एखादा बटन गुलाब, ८ इंची कुंडीत कठड्यावर मस्त राहतो. आणि पाचवा डबल डिलाइट, कारण एक तरी फूल असं पाहिजे की ज्याच्यासाठी सकाळी चहा हातात घेऊन बाहेर जावंसं वाटेल. १९७७ सालची ही जात. कळी उमलते तेव्हा सगळी सायीसारखी पांढरट-पिवळसर असते आणि फक्त पाकळ्यांच्या कडा लाल, मग जसं ऊन लागत जाईल तसा तो लाल रंग कडेवरून आत उतरत जातो, दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर, तिसऱ्या दिवशी मधला गाभा तेवढा पांढरा. एकाच झाडावरची दोन फुलं कधी सारखी नसतात. सावलीत ठेवलंत तर हा रंग चढतच नाही, ही खूणगाठ बांधा.

दुसऱ्या वर्षी मग पीस आणि पापा मेलाँ. पीस पिवळा, कडेला गुलाबी छटा, फ्रान्सच्या मेलाँ यांनी केलेला आणि १९४५ साली महायुद्ध संपता संपता हे शांततेचं नाव मिळालेला. याला खोल छाटणी अजिबात सोसत नाही, मी एकदा बाकीच्यांसारखाच गुडघ्याखाली छाटला तर पुढचं अख्खं वर्ष रुसून बसला. पापा मेलाँ १९६३ चा, मखमली काळपट लाल, वास असा की खिडकीशी झाड असेल तर आतल्या खोलीत कळतं. पण नाजूक. हिवाळ्यात सगळ्यात आधी भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणारा रोग, याच्यावर येते आणि कडक उन्हात पाकळ्यांच्या कडा करपून काळ्या पडतात, म्हणून याला पूर्वेकडे जागा द्या, दुपारी १ नंतर सावली येईल अशी.

आणि आपल्या देशी पैदाशीच्या जाती विसरू नका हो, हे मी कळकळीनं सांगते. दिल्लीच्या पुसा संस्थेत, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेत, डॉ. बी. पी. पाल यांनी, मूळचे गव्हाचे संशोधक, पण गुलाबावर त्यांचा फार जीव, इथल्या हवेतच वाढवून निवडलेल्या जाती दिल्यात. डॉ. होमी भाभा नावाचा पांढरा, मृणालिनी गुलाबी. त्याच संस्थेतून आलेला रक्तगंधा शेंदरी लाल, आणि मोहिनी, जिचा रंग चॉकलेटी तपकिरी आहे, असा रंग दुसऱ्या कुठल्या झाडावर मी बघितला नाही. नर्सरीत मागितल्याशिवाय या जाती मिळत नाहीत, मागत राहा. याउलट बुके करायला येतात ते डच गुलाब, पॉलिहाऊसमधले, त्यांच्या मोहात पडू नका, ती फुलं छपराखाली मोजूनमापून वाढवलेली असतात, आपल्या अंगणात तीच झाडं हिरमुसतात.

रोप घेताना फुलाकडे बघायचं नाही, खोडाकडे बघायचं. खाली जिथं खुंटावर, म्हणजे रानगुलाबाच्या मुळासकट खोडावर, हव्या जातीचा डोळा (कोंब फुटतो ती गाठ) भरलेला असतो तो सांधा बघा, घट्ट जुळलेला पाहिजे, आणि त्याच्यावरून निदान दोन जाड फांद्या निघालेल्या पाहिजेत. सांध्याच्या खालून फूट आली असेल तर ती खुंटाची, रानटी, तिला फूल येईल पण तुम्ही पैसे दिले ते नव्हे, आणि ठेवली तर वरच्या जातीचा रस तीच पिऊन टाकते. अशी फूट वरून कापू नका, माती बाजूला करून मुळाशी ओरबाडून काढा. बाहेरून येणाऱ्या रोपांना बरेचदा चिकट मातीचा गोळा असतो, तो तसाच कुंडीत ठेवला तर पाणी बाजूनं निघून जातं आणि आत मुळं कोरडी राहतात, म्हणून बादलीत अर्धा तास भिजवून हलक्या हातानं ती माती सोडवा. मी एका नर्सरीतून एकदम १२ रोपं आणली होती, प्रत्येकाला फोटोची चिठ्ठी, फुलं आल्यावर बघते तर त्यातली सात एकच जात. तेव्हापासून एकदम आणत नाही, दोन आणते, फूल बघते, मग पुढची.

आता माती. कृष्णाकाठची आपली काळी माती उसाला सोनं आहे पण गुलाबाच्या मुळांना ती पावसाळ्यात गुदमरवते. जमिनीत लावणार असाल तर दीड-दोन फूट खड्डा घ्या, निघालेल्या मातीत तिच्या निम्म्यानं मुरूम किंवा तांबडी माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरा, आणि गादी जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाच्या रसातला गाळ (प्रेसमड), मिळत असेल तर वर्षभर कुजवलेलीच वापरा, ताजी मळी गरम असते, मुळं जाळते. कुंडी हायब्रीड टीला किमान १२ इंची, १४ असेल तर उत्तम. लावताना तो डोळ्याचा सांधा मातीच्या वर एक-दोन बोटं राहिला पाहिजे. झाडात अंतर अडीच फूट, फ्लोरिबंडाला दोन चालतं. बोअरचं पाणी जड असेल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतात, ते लोह कमी पडल्याचं लक्षण, चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल असं विरघळणारं लोह) लिटरला १ ग्रॅम घालून सकाळी फवारलं की आठ-दहा दिवसांत नवी पानं हिरवी येतात. द्राक्षबागेच्या औषधांच्या दुकानात सगळीकडे मिळतं.

नावाच्या पट्टीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या अंगणातल्या १९ कुंड्या पाच दिवस पाण्याखाली होत्या. पाणी उतरल्यावर पानापानावर गाळ बसलेला, मी एकेक पान धुतलं, तरी वरच्या फांद्या सुकतच गेल्या आणि महिन्याभरात जी थोडी फूट आली ती बरीचशी खुंटाची होती. सहा झाडं मात्र सांध्याच्या वरून फुटली. पण त्यातली कुठली कुठली हे सांगता येईना, कारण प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मार्करनं लिहिलेलं होतं, काही वाहून गेल्या आणि राहिल्या त्यांच्यावरची शाई आधीच उन्हानं उडालेली. दोन झाडांची नावं मला आजपर्यंत लागली नाहीत. म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची बोटभर पट्टी कापा, खाली जुनं वर्तमानपत्र ठेवून बॉलपेन दाबून नाव लिहा, शाई गेली तरी अक्षर खोदलेलं राहतं, आणि तारेनं सैल बांधा, कुंडीला नाही, झाडाच्या बुंध्यालाच. शिवाय एक वही, त्यात जात, कुठून आणली, कधी छाटली, पहिलं फूल कधी आलं. तीन वर्षांनी ही वहीच तुम्हाला सांगते की तुमच्या घरी कुठली जात रमली.

छाटणीचं गणित आपल्याकडे सोपं आहे, तासगाव भागात द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू झाली की गुलाबाचीही वेळ आली समजा, म्हणजे पाऊस थांबून ऑक्टोबरचा मध्य. दोन-चार दिवस पाणी कमी करा. मग आधी वाळकी, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि एकमेकीत घुसणारी फांदी काढा. हायब्रीड टीच्या तीन-चार चांगल्या फांद्या ठेवून प्रत्येकीवर ५-६ डोळे राहतील एवढं छाटा, पीस आणि त्याच्यासारखे पिवळे गुलाब याहून वर, फ्लोरिबंडा वरचा एक तृतीयांश, बटन गुलाब नुसता गोल कातरा. वेली गुलाबाला पहिली दोन वर्षं कात्री लावूच नका, त्याच्या लांब फांद्या आडव्या वाकवून तारेला बांधा, उभी फांदी फक्त शेंड्याला फुलते आणि आडवी केली की डोळ्याडोळ्यातून फुटते. काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका, धारदार कात्रीनं एका दाबात. राहिलेली पानं काढून टाका आणि कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, नाहीतर फांदी वरून खाली काळी पडत जाते, तो डायबॅक एकदा बुंध्यापर्यंत गेला की झाड गेलं. नंतर दोन-तीन किलो शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, भरपूर पाणी. साधारण ४५ दिवसांनी फुलं येतात, मी त्या हिशेबानं छाटते की दत्तजयंतीला औदुंबरला जाताना परडीत घरचे गुलाब पाहिजेत. पुढं फूल कोमेजलं की नुसतं बोंड तोडू नका, खाली एका देठावर पाच छोटी पानं असलेलं पहिलं चांगलं पान बघून त्याच्या जरा वर कापा. जूनमध्ये एकदा हलकी साफसफाई.

रोगांत भुरी, काळे ठिपके आणि लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) एवढे तीन ओळखा. भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण थंड वेळी, उन्हाच्या तडाख्यात मारलंत तर पानं जळतात. काळे ठिपके पावसाळ्यात, तेव्हा पडलेली पानं रोज वेचून टाकणं हेच निम्मं औषध, आणि पाणी पानांवर नाही, बुडाशी. लाल कोळी मार्चनंतर, पानं मागून धुळकट दिसतात, पाईपनं पानांच्या खालून जोरात पाणी मारा, दोनतीनदा केलं तरी पुष्कळ फरक पडतो. उन्हाळ्यात बुडाशी उसाचं पाचट चार बोटं जाड अंथरा, आपल्याकडे फुकट मिळतंय, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती हिरवी नेट. त्या दिवसांत कळ्या खुडून टाकल्या तरी चालतं, झाड जगवणं महत्त्वाचं.

संग्रह खरा वाढतो तो विकत आणून नाही, डोळे भरून. मला हे मिरजेच्या एका काकांनी शिकवलं, त्यांच्याकडे मी डबल डिलाइटची काडी घेऊन जायचे आणि येताना मोहिनीची आणायचे. खुंटासाठी रानगुलाबाच्या काड्या जुलैत लावा, डिसेंबर-जानेवारीत पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या की जमिनीपासून दोन इंचावर साल पुसून इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्या. हव्या त्या जातीच्या नुकतंच फूल होऊन गेलेल्या फांदीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढा, पान कापा पण त्याचा देठ राहू द्या, तेवढाच धरायला होतो. साल हळूच उचलून डोळा आत सरकवा आणि पट्टीनं वरखाली बांधा, डोळा मोकळा ठेवून. काका म्हणायचे, डोळा काढल्यापासून बांधेपर्यंत कुणाशी बोलू नको, आणि ते खरंच आहे, तो मिनिटभरात सुकायला लागतो. तीन आठवडे हात लावायचा नाही. मग त्या राहिलेल्या देठाला बोटानं नुसतं टेकवा, तो टपकन गळून पडला आणि डोळा हिरवा असेल तर लागला, देठ वाळून चिकटून बसला असेल तर गेला, दुसऱ्या बाजूला परत भरा.