शिवाजी विद्यापीठात काम आहे? राहायचं कुठं, खायचं काय, फिरायचं कसं

अॅडमिशन, व्हायवा, मुलाचं डिग्रीचं काम, काहीतरी निमित्तानं लोक कोल्हापूरला येतात आणि मग मला फोन करतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी उतरायचं बघा. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं आलात तर सकाळी शहराच्या मध्यातच उतरता, आणि सीबीएस म्हणजे मुख्य एसटी स्टँड तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. गडबड होते ती ट्रॅव्हल्सनं येणाऱ्यांची. पुण्याकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या हायवेवर "तावडे हॉटेल"ला सोडतात, आणि माझा एक मित्र पहाटे फोन करून म्हणाला की अरे हॉटेल सापडेना, रूम आहे का बघायची होती! ते स्टॉपचं नाव झालंय बाबांनो, तिथं रूम शोधू नका, सरळ रिक्षा पकडून कावळा नाक्याकडं या.

राहायला सगळे स्टेशन रोड आणि शाहूपुरीतल्या लॉजवर जातात. एका रात्रीसाठी ठीक आहे, पण रूम आधी बघून घ्या आणि रस्त्याकडची नको म्हणा, मी एकदा घेतली होती तर रात्रभर हॉर्न ऐकत पडलो. विद्यापीठाचंच काम असेल तर माझं मत राजारामपुरी, तिथून विद्यापीठ जवळ, खायला भरपूर, आणि पत्ता सोपा कारण गल्ल्यांना नंबर आहेत, रिक्षावाल्याला गल्ली नंबर सांगायचा की झालं. डिपार्टमेंटमध्ये ओळख असेल तर विद्यापीठाच्या गेस्ट हाऊसचं आधी विचारून ठेवा, ऐनवेळी जाऊन मिळेल ही आशा नको. मुलाला वर्षभर ठेवायचं असेल तर सागरमाळ, राजारामपुरी भागात कॉट बेसिसवर रूम बघा आणि डबा कुणाचा लावायचा ते तिथल्या पोरांनाच विचारा, मालक सगळं चांगलंच सांगतो. नवरात्र आणि जोतिबाची चैत्र यात्रा या दिवसांत मात्र रूम आधी बुक केल्याशिवाय निघूच नका.

फिरायला केएमटी म्हणजे शहर बस स्वस्त, पाटी वाचून चढा आणि कंडक्टरला विद्यापीठ म्हणून सांगून ठेवा. घाई असेल तर रिक्षा, बसायच्या आधी मीटर की ठरवून ते बोलून घ्या. एक महत्त्वाचं, रिक्षा मेन गेटला सोडू नका. कॅम्पस 853 एकरांचा आहे, डिपार्टमेंट कुठं, लायब्ररी कुठं, उन्हात फायली घेऊन चालताना मोर दिसतात हे खरं पण व्हायवाला घामाघूम पोचाल. डिपार्टमेंटचं नाव सांगून आतपर्यंत न्यायला सांगा.

आता खायचं. सकाळी मिसळ, आणि इथं मिसळीबरोबर पाव नाही ब्रेड येतो, त्यावरून वाद घालू नका. कट म्हणजे तिखट रस्सा वेगळा मागा, आधी थोडा चाखा मग ओता. दुपारी मटण थाळी. पांढरा रस्सा आधी नुसता वाटीतून प्यायचा, नारळाच्या दुधाचा असतो, सौम्य, आणि मग तांबड्याकडं वळायचं. बुधवार-रविवारी गर्दी असते. मटण खात नसाल तर अख्खा मसूर आणि भाकरी, त्यातही कमी काही नाही.

संध्याकाळी काम उरकलं की गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. समोर म्हैस उभी, तुमच्यासमोर धार काढतात, फेसाळ ग्लास हातात येतो तेव्हा तो कोमट असतो. पहिल्यांदा जरा विचित्र वाटतं, मिशीला फेस लागतो, पण प्या.

आणि रात्रीच्या महालक्ष्मीनं परत निघणार असाल तर जेवण पार्सल घ्या, पण रस्सा पिशवीतून नको, डब्यातून घ्या. माझी पिशवी बर्थवर फुटली होती, खालच्या काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबडा रस्सा, काका मिरजेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.