पडलेली काकडी उचला, फवारणीचं नंतर बघू

गणपती तोंडावर आलेत. आरेतले पाडे, गोराई-मनोरीच्या वाड्या, उत्तन, वसई, सगळीकडे मांडव भरलेत: काकडी, शिराळी, पडवळ, दुधी, कारली. ऋषीच्या भाजीला यातलं बरंच काही लागतं आणि हंगामातला चांगला भाव याच दिवसांत मिळतो. त्यात पावसाने उघडीप दिली आहे. दिवसा ऊन, मध्येच सर, हवा दमट. फळांत अंडी घालणाऱ्या फळमाशीला याहून बरं हवामान नको. बाकीची कामं चार दिवस मागे पडली तरी चालतील, पण हे एक काम आजच करा. मांडवाखाली वाका आणि पडलेलं, वाकडं झालेलं, डंख लागलेलं, सडायला आलेलं प्रत्येक फळ उचलून वाडीबाहेर काढा.

दर पावसाळ्यात हेच बघतो. वेल जोमदार, मांडव पक्का, खत वेळेवर, आणि खाली जमिनीवर सडक्या काकड्यांचा खच. विचारलं की उत्तर ठरलेलं: "राहू दे, कुजून खतच होईल." खत होतं, पण त्याआधी त्यातून माश्या निघतात. पुढच्या तोड्याला निम्मी काकडी वाकडी येते, तेव्हा माणूस दुकान गाठतो.

वेलीवरची कोवळी काकडी हातात घेऊन नीट बघा. सुईच्या टोकाएवढं छिद्र आणि त्यावर डिंकासारखा वाळलेला थेंब दिसला, तर फळमाशीच्या मादीने तिथे डंख मारून अंडी घातली आहेत. त्या बाजूने फळाची वाढ थांबते, म्हणून ते वाकतं. कापलंत तर आत पिवळसर पांढऱ्या अळ्या दिसतील. एक तळहातावर घ्या. अंगाची कमान करून ती टणकन उडी मारते. उडी मारणारी अळी पूर्ण वाढलेली असते. ती आता फळ सोडून मातीत शिरणार, बोट-दोन बोटं खोल कोष करणार आणि आठवडा-दीड आठवड्यात माशी होऊन वर येणार. अंड्यापासून माशीपर्यंत या दिवसांत अडीच-तीन आठवडे पुरतात. म्हणजे आज जमिनीवर सोडलेली काकडी ही पुढच्या महिन्यातली कीड आहे, आणि ती तुमच्याच वाडीत तयार होते आहे.

अळी फळाच्या आत, कोष मातीत. वेलीवर मारलेलं औषध या दोघांपर्यंत नीट पोचतच नाही. फवारणीत सापडते ती फक्त उडती माशी, आणि तीही दिवसातला बराच वेळ तुमच्या वेलीवर नसतेच, शेजारच्या झाडाझुडपांत दडलेली असते.

उचललेल्या फळांचं काय करायचं, इथेही चूक होते. बांधावर टाकू नका, उकिरड्यावर टाकू नका, नाल्यात ढकलू नका. जाड प्लास्टिक पिशवीत भरा, घट्ट गाठ मारा आणि उन्हं येतील तिथे दहा-बारा दिवस ठेवा. पिशवीला भोक असेल तर दुसरी चढवा. जागा असेल तर दोन फूट खोल खड्डा घ्या, फळं टाकून माती घट्ट दाबा. वरवर पुरलेल्या फळातून माशी सहज वर येते. थोडीच फळं असतील तर साबणाच्या पाण्याची बादली पुरते, पण फळं चिरून बुडवा. तोडा एक दिवसाआड असतो, तर उचलणंही एक दिवसाआड. तोडणीच्या टोपलीबरोबर एक रिकामी गोण घेऊनच आत शिरा.

मांडवाखालची माती खुरप्याने दोन बोटं हलकेच उकरत राहा, मुळांना धक्का न लावता. कोष उघडे पडतात, मुंग्या आणि पाखरं वेचतात. ज्या पाड्यांवर कोंबड्या मांडवाखाली मोकळ्या फिरतात तिथे डंख कमी दिसतो, हा माझा अंदाज आहे, कुठल्या शिफारशीत तो सापडणार नाही. वेल मांडवावर चढल्यानंतरच कोंबड्या सोडा, रोपं लहान असताना नाही.

सापळे लावा, पण गंधगोळी बघून घ्या. काकडीवर्गातल्या माशीला क्यू ल्यूर लागतो. आंब्यावरच्या माशीला मिथाइल युजेनॉल. दोन्हींची पाकिटं सारखी दिसतात आणि दुकानात आंब्याचीच उरलेली पुढे केली जाते. काकडीत मिथाइल युजेनॉल लावून सापळा रिकामा बघत बसलेले बागायतदार मी पाहिले आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा स्वस्त आणि पावसाला टिकणारा आहे. एकरी चार-पाच पुरतात, मांडवाच्या उंचीला टांगा. तेवढंही नको असेल तर पाण्याच्या बाटलीला वरच्या अंगाला भोकं पाडून काम भागतं. मात्र सापळ्यात अडकतात ते नर. मादी बाहेरच असते. खाली सडकी फळं तशीच ठेवून वर सापळे टांगले तर पैसे वाया गेले समजा.

डंख फारच वाढला तर आमिष. शिफारशीचं प्रमाण: १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ आणि मॅलाथिऑन हे कीटकनाशक, ५० टक्के प्रवाही, २० मिली. हे सगळ्या वेलीवर फवारायचं नाही. मोठ्या थेंबांनी, मधे जागा सोडून, पानांच्या खालच्या बाजूला आणि कडेच्या झाडोऱ्यावर शिंपडायचं. फुलांवर एक थेंबही नको. लेबलवर पीक आणि काढणीआधी थांबायचे दिवस वाचा. ही काकडी कोणीतरी मीठ लावून कच्ची खाणार आहे.

आता मधमाशीचं. सडक्या फळांकडे केलेलं दुर्लक्ष शेवटी तिच्यावर येऊन आदळतं.

डंख वाढला की दुकानदार दोन-तीन औषधं एकत्र करून देतो. शेतकरी सकाळी सातला पंप पाठीवर घेतो. नेमकी तेव्हाच काकडी, कारली, भोपळ्याची फुलं उघडी असतात आणि सातेरी, फुलोरी, पोया या मधमाश्या आणि काळे भुंगे त्यांच्यावर असतात. या वेलींची नर आणि मादी फुलं वेगळी, परागकण कोणीतरी वाहून न्यावेच लागतात. वाऱ्याने ते होत नाही, कारण पराग जड आणि चिकट असतो. माश्या मेल्या की मादी फुलामागची इवली काकडी पिवळी पडून गळते. आठवड्याने तोच शेतकरी त्याच दुकानात जातो, "फूलगळ होतेय" म्हणतो, आणि टॉनिकची बाटली घेऊन येतो. आधी माशी मारायला पैसे, मग माशी नाही म्हणून पैसे. सुरुवात कुठून, तर न उचललेल्या काकडीतून.

टॉनिक घ्यायच्या आधी एक परीक्षा करा, फुकटची आहे. सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि त्यातला पराग दहा-बारा मादी फुलांच्या मधल्या भागावर हलकेच टेकवा. देठाला दोरा बांधून खूण ठेवा. चार-पाच दिवसांनी खुणेची फळं धरली आणि बाकीची गळली, तर वेलीला टॉनिक नको, माश्या हव्यात. सगळीच गळली तर मुळाशी पाणी साचलंय का बघा, आणि डंख शोधा.

फवारणीची वेळ सगळ्या वेलींना एकच नाही. काकडी, कारली, भोपळा, घोसाळी पहाटे-सकाळी उमलतात. शिराळी, दुधी आणि पडवळ उमलतात संध्याकाळी, त्यांच्यावर रात्रीचे पतंगही येतात. "संध्याकाळी फवारा" हा सरसकट सल्ला इथे फसतो. एकाच मांडवावर सगळं मिसळलेलं असेल तर दुपारी तीनच्या सुमाराला, पाऊस नसताना, आणि तेही फवारायलाच हवं असेल तरच.

मांडवावर आणखीही पुष्कळ मंडळी आहेत. ढालकिडे आणि त्यांच्या काटेरी अळ्या मावा खातात, आणि ही अळी कीड समजून लोक हमखास चिरडतात. चतुर उडते किडे टिपतात. काळ्या मुंग्या जमिनीवर पडलेली फळमाशीची अळी ओढून नेतात. एक बारीकशी गांधीलमाशीच्या कुळातली माशी तर फळातल्या अळीच्या अंगातच अंडं घालते. हिचं महत्त्व एवढं, की हवाई बेटांवर ही फळमाशी पोचून भाजीपाला नासू लागला तेव्हा १९१६ साली ही मित्रमाशी आपल्या भारतातून तिकडे नेली गेली. तिथे आजही काही शेतकरी सडकी फळं बारीक जाळीच्या तंबूत ठेवतात: फळमाशी आत अडकते, ही लहान मित्रमाशी जाळीतून निसटून शेतात परतते. आपण मात्र घरचीच मित्रमाशी दर आठवड्याच्या फवाऱ्याने मारतो.

भेंडीचं वेगळं आहे. पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळं दिसलं तर तो हळद्या, विषाणूचा रोग, पांढरी माशी तो पसरवते. त्यावर कुठलंही बुरशीनाशक चालत नाही, कोणी कितीही भारी म्हणून दिलं तरी घेऊ नका. झाड उपटा, पिशवीत घाला. बाकीच्यांवर पानांच्या खालून ५ टक्के निंबोळी अर्क (५०० ग्रॅम निंबोळी भरड रात्रभर भिजवून, गाळून १० लिटर), पिवळे चिकट सापळे. पुढच्या वेळी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका लावा.

इतर कामं:
- मांडवाखाली पाणी साचू देऊ नका, चर मोकळे करा.
- जमिनीला टेकलेल्या वेली वर बांधा.
- काकडीवर केवडा हा बुरशीचा रोग दिसताच रोगट पानं काढा. मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, ७५ टक्के, १० लिटरला २५ ग्रॅम.
- लाल भुंगेरे सकाळी सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचा.
- युरिया आवरा. लुसलुशीत वाढीवर मावा येतो.
- भातात खोडकिड्याने वाळलेले सुरळीचे फुटवे उपटून नष्ट करा.

वाडीतल्या पिंपांबद्दलही बोलायला हवं, कारण तापाने माणूस आठवडा-दोन आठवडे आडवा झाला की तोडा राहतो आणि खाली पुन्हा खच पडतो. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्याजवळ, पिंपाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी घालतो. पाणी ओतून दिलं तरी अंडी भिंतीला चिकटून राहतात आणि कित्येक महिने कोरडी टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून काथ्याने खरवडून घासा आणि झाकण घाला, नाहीतर घट्ट कापड बांधा. मुंबईत हिवताप पसरवणारा डास विहिरी आणि टाक्यांत वाढतो. विहिरीवर जाळी हवीच. वसईतल्या बावखलांत, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांत, मासे असतील तर ते डासांच्या अळ्या खातात, तिथे औषधाचे पंप धुऊ नका.

बोरिवली-मुलुंडच्या गच्चीवर ज्यांचे दोनच वेल आहेत, त्यांनाही हे सगळं लागू आहे. कुंडीत पडलेलं कारलं कुंडीतच राहू देऊ नका. गच्चीवरच्या खताच्या डब्यात डंखाची फळं घालायची असतील तर आधी उकळत्या पाण्यातून काढा. आणि सोसायटीत मोहोळ लागलं की ते जाळायला माणूस बोलावण्याआधी ते खरंच कोणाच्या वाटेत आहे का, एवढं बघा. तुमच्या काकडीवर येणारी माशी तिथलीच असू शकते.

ऋषिपंचमी झाली की बहुतेक जण मांडवाकडे पाठ फिरवतात. वेल वाळत राहतो, शेवटची जून, किडकी फळं लोंबत राहतात आणि त्यातल्या माश्या शेजारच्याच्या उशिरा लावलेल्या कारल्यावर जातात. वाड्या इतक्या लागून आहेत की एकाने उचललं आणि दुसऱ्याने नाही, तर दोघांचंही जातं. शेजाऱ्याशी बोला, उचलायचे दिवस एकच ठरवा. शेवटचा तोडा संपला की आधी सगळी फळं गोळा करा, मग वेल उपटा, मांडवाखालची माती उकरून आठवडाभर उघडी ठेवा. त्या जागेवर पुन्हा काकडी किंवा कारली नको. मुळा, लाल माठ, मेथी टाका.