फ्लूची लस आणि गावचा दवाखाना : या चुका टाळा

पोळ्याच्या आसपास गावात घरटी एक तरी तापाचा पेशंट असतो. नेमकं त्याच आठवड्यात लोक विचारायला येतात, "डॉक्टरसाहेब, ते फ्लूचं इंजेक्शन भेटते काय?" भेटते, पण तोवर उशीर झालेला असतो. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. घरात दोघं खोकत असताना तिसऱ्याला टोचली, तर या तापातून तो सुटेलच असं नाही.

आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा जोर धरतो. एकदा पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि दुसऱ्यांदा जानेवारी ते मार्च. म्हणून पेरणीची धावपळ सुरू व्हायच्या आधी, मे-जूनमध्ये लस घेतलेली सर्वांत बरी. तेव्हा राहून गेली तर "आता वेळ गेली" म्हणून सोडून देऊ नका. सोयाबीन सोंगून झाल्यावर घेतली तरी हिवाळ्यातल्या लाटेला ती कामी येते.

"मागच्या साली घेतली होती ना!"

ही लस दरवर्षी घ्यावी लागते. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो आणि लसीचा परिणामही काही महिन्यांनी ओसरतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवते. खोक्यावर साल छापलेलं असतं, सोबत 'एनएच' किंवा 'एसएच' म्हणजे उत्तर की दक्षिण गोलार्ध तेही असतं. ते साल आणि एक्स्पायरी दोन्ही बघायला मागा. त्यात डॉक्टरचा अपमान होत नाही.

"स्वाइन फ्लूची वेगळी लस द्या" असंही पुष्कळ जण म्हणतात. 2009 साली ज्या एच1एन1 विषाणूनं धास्ती बसवली, तो आता दरवर्षीच्या साध्या फ्लूच्या लसीतच असतो. वेगळी शोधत फिरायची गरज नाही. चार विषाणूंचीच लस हवी म्हणून अडून बसण्यातही अर्थ नाही. त्यातला बी-यामागाटा नावाचा प्रकार मार्च 2020 नंतर जगात कुठंही पक्का सापडलेला नाही, म्हणून तीन विषाणूंची लस पुरेशी आहे.

लस खराब होते ती रस्त्यात

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक इथं होते, आणि ती करणारे बहुतेक वेळा घरच्यांची काळजी असलेलेच लोक असतात.

एक पोरगा आईसाठी तालुक्याहून लस घेऊन आला. मे महिना, पारा पंचेचाळिशीच्या घरात. "बरफात ठेवूनच आणली, साहेब," असं म्हणत त्यानं गाडीच्या डिक्कीतून पन्नी काढली. रसवंतीवरून मागून घेतलेला बर्फ आणि त्यात थेट खुपसलेलं लसीचं खोकं. पुठ्ठा भिजून लगदा झाला होता आणि सिरिंजमधली लस रस्त्यात गोठली की गरम झाली, हे कळायला मार्ग नव्हता. ती टोचता आली नाही. पोराचे पैसे गेले आणि माय तशीच राहिली.

ही लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची असते. गरम झाली तर तिचा जोर जातो, हे लोकांना माहीत आहे. गोठली तरी ती वाया जाते, हे फार कमी जणांना माहीत आहे. गोठलेली लस वितळवून पुन्हा वापरता येत नाही, दिसायला ती पहिल्यासारखी झाली तरी. शर्टाच्या खिशातून, डिक्कीतून, एसटीत मांडीवर पिशवीत ठेवून ती आणू नये. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचीच वेळ आली तर बर्फाच्या कप्प्यात नाही आणि दाराच्या कप्प्यातही नाही, कारण दार उघडझाक होतं आणि तिथं तापमान सारखं हलत राहतं. त्यात आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नसतो.

खरं तर पेशंटनं लस आणूच नये. आठवडाभर आधी दवाखान्यात नाव लिहून ठेवा. आठ-दहा नावं झाली की डॉक्टरला एकदाच, थंड पेटीतून लस मागवता येते आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांना टोचता येते. दवाखान्याच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे का, तेही विचारा. आणण्याशिवाय गत्यंतरच नसेल तर आइस पॅक फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पाणी वाजायला लागलं की मगच तो पेटीत ठेवा. लस कागदात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवा, पॅकला चिकटवून नाही.

आधी कुणाला?

लस स्वस्त नाही. चार-पाच जणांच्या घरात सगळ्यांना परवडत नाही, मग कमावत्या माणसाला दिली जाते, "तो पडला तर शेत कोण पाहील" म्हणून. विचार समजण्यासारखा आहे, पण धडधाकट माणूस फ्लूतून बहुतेकदा आठवड्यात उठतो. दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते ती वेगळ्यांवर : शुगर असलेली बुढी, जन्मभर चुलीच्या धुरात राहून दम लागणारी आजी, किडनी किंवा हृदयाचा आजार असलेला काका, गरोदर सून, पाच वर्षांखालचं लेकरू. पैसे एकाच लसीचे असतील तर या यादीतल्या माणसाला द्या.

विदर्भात यात आणखी एक नाव वरच्या ओळीत घालायला हवं, ते सिकलसेलच्या, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटचं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार पुष्कळ घरांत आहे. रक्ताच्या तपासणीत 'एसएस' पॅटर्न आलेल्या, म्हणजे खुद्द आजार असलेल्या लेकराला साध्या फ्लूच्या तापातून दुखण्याचा झटका येऊ शकतो, छातीत संसर्ग होऊ शकतो. त्याला दरवर्षी फ्लूची लस द्या आणि न्यूमोनियाच्या लसीचंही विचारा. 'एएस' म्हणजे फक्त वाहक, त्याला एवढा धोका नसतो. पण सिकलसेल तपासणीचं कार्ड घरी पेटीत ठेवून कुणी दवाखान्यात आलं तर डॉक्टरला हा फरक कळणार कसा?

गरोदर बाईला ही लस चालत नाही, हा समज घराघरांत आहे. चालते, आणि घ्यायलाच हवी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. पोटात असताना आईकडून मिळालेलं संरक्षणच त्याला पहिले काही महिने पुरतं. राज्य सरकारनं गरोदर महिला, मधुमेह आणि बीपीचे पेशंट अशा जोखमीच्या लोकांसाठी ही लस मोफत दिलेली आहे. साठा नेहमीच असतो असं नाही, म्हणून आधी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा आणि मगच पैसे खर्च करा.

नऊ वर्षांखालच्या लेकराला पहिल्यांदाच लस देत असाल तर महिन्याच्या अंतरानं दोन डोस लागतात. पहिला देऊन दुसरा विसरणारे पालक ढिगानं आहेत. दुसऱ्या डोसची तारीख बाळाच्या लसीकरण कार्डावरच लिहून घ्या, चिठ्ठीवर नको. चिठ्ठी हरवते.

टोचताना आणि टोचल्यावर

"कमरेत द्या, दंड दुखला तर कापूस वेचता येत नाही." ही विनंती रोज येते. मोठ्यांना ही लस दंडातच घ्यायची असते, तान्ह्या बाळाला मांडीत. ज्या हातानं काम करता तो सोडून दुसऱ्या हातात मागा. अंगात चांगला ताप असेल तर उतरेपर्यंत थांबा, साध्या सर्दीसाठी थांबू नका. मागच्या वेळी लसीनंतर अंगावर गांध्या उठल्या, श्वास अडकला असं काही झालं असेल तर ते सुई भरायच्या आधी सांगा. टोचून झाल्यावर अर्धा तास ओट्यावर बसा. जीप सुटते म्हणून लगेच पळू नका.

दुसऱ्या दिवशी दंड दुखतो, कणकण येते, एक-दोन दिवसांत उतरते. ही लस मेलेल्या विषाणूची असते, तिच्यानं फ्लू होत नाही.

ताप आलाच तर

"सलाईन लावा, परवा सोंगणीला जायचं आहे." पाणी पिता येत असेल तर सलाईननं फ्लू एक दिवसही लवकर जात नाही. मेडिकलमधून परस्पर घेतलेली अँटिबायोटिकं विषाणूवर चालत नाहीत. फ्लूवरचं खरं औषध ओसेल्टामिविर. ते जोखमीच्या पेशंटला पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून अशा माणसाला तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत घरी ठेवू नका.

आणि प्रत्येक ताप फ्लू समजू नका. याच दिवसांत डेंगू असतो, जंगलपट्ट्यात मलेरिया असतो. 2018 साली नागपूरसह विदर्भात स्क्रब टायफसनं लोक गेले. गवतातल्या चिगर नावाच्या बारीक किड्यामुळं तो होतो. काखेत, जांघेत काळी खपली दिसते का ते पाहा आणि डॉक्टरला दाखवा. लस घेतलेल्या माणसालाही यातला कोणताही ताप येऊ शकतो. रक्त तपासल्याशिवाय अंगदुखीवर पॅरासिटामॉल सोडून दुसऱ्या गोळ्या घेऊ नका.

दम लागणं, छातीत दुखणं, ओठ किंवा नखं निळी पडणं, माणूस गुंगीत जाणं, लेकरानं दूध सोडणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. 108 लावा. घर पांदणीच्या आत असेल तर टॉर्च देऊन एकाला डांबरी रस्त्यावर उभं करा आणि पेशंटसोबत चालू औषधांची पिशवी, जुनी फाइल आणि सिकलसेलचं कार्ड पाठवा.